आधी डोंगर, मग समुद्र

नाशिकहून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी ४७ वर्षांची, शाळेत शिक्षिका. गेली दोन वर्षं तारकर्लीला जाऊन स्कूबा केलं आणि पाण्याखालचं वेडच लागलं. धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, यंदा कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर भेटू. ज्वालामुखीचं बेट आहे, समुद्राच्या तळातून बुडबुडे येतात, आणि आपल्या पासपोर्टला व्हिसाही लागत नाही. तो, भावजय, १६ वर्षांचा भाचा, मी आणि आमची ७२ वर्षांची आई. दिवाळीच्या सुट्टीत सात दिवस. भावाने आखणीही केली आहे: पहिले दोन दिवस स्कूबा, तिसऱ्या दिवशी 'बॉयलिंग लेक' या उकळत्या तळ्याचा ट्रेक, मग पुन्हा दोन दिवस स्कूबा, आणि शेवटच्या दिवशी सकाळी एक डाइव्ह मारून दुपारचं विमान. माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे. पोहता येतं. बीपीची गोळी चालू आहे, चष्मा आहे, आम्ही शाकाहारी. यजमान म्हणतात, ज्वालामुखीवर कुणी सुट्टीला जातं का? तुम्ही सांगा."

ताई, बेट उत्तम निवडलंय. तुमच्या भावाने अर्धा अभ्यास केलाय आणि तो अर्धा चांगला केलाय. पण त्याची आखणी मी उलटी करणार आहे आणि दिवाळीही खोडणार आहे. आधी आखणीचं सांगतो, कारण बाकी काही चुकलं तर पैसे जातील. इथे चुकलं तर दवाखाना गाठावा लागेल.

पाण्यात दर १० मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळत जातो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो, पण त्याला तास लागतात, मिनिटं नव्हे. तो निघून जायच्या आत तुम्ही आणखी वर गेलात, म्हणजे विमानात बसलात किंवा डोंगर चढलात, की बाहेरचा दाब आणखी उतरतो आणि सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं ते शरीराच्या आत होऊ लागतं. सांधे दुखण्यापासून पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. विमानाचा नियम बहुतेकांना ठाऊक असतो: एकच साधी डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास, रोज किंवा दिवसातून अनेक केल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. बहुतेक डाइव्हवाले सरळ २४ सांगतात, मीही तेच सांगतो. म्हणजे सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान, हे साफ बाद.

डोंगराचा नियम मात्र लोक विसरतात, आणि डॉमिनिकासारख्या बेटावर तोच जास्त महत्त्वाचा. हे बेट म्हणजे समुद्रातून उभे राहिलेले ज्वालामुखी. आकार साडेसातशे चौरस किलोमीटर, आपल्या एखाद्या तालुक्याएवढा, आणि सर्वांत उंच शिखर मोर्न दियाब्लोतां १,४४७ मीटर. किनाऱ्यावरून गाडीत बसलात की अर्ध्या-पाऊण तासात ढगांत. बॉयलिंग लेकच्या वाटेवर मोर्न निकल्स नावाचा माथा लागतो, तो साडेनऊशे मीटरच्या आसपास. विमानासाठीचे ते तास साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठीच सांगितलेले आहेत. शिवाय तुम्ही तिथे गाडीतून जाणार नाही, सहा-सात तास घाम गाळत चालणार. डाइव्हिंगनंतर अंगमेहनत वेगळीच वाईट. भावाच्या आखणीत हा ट्रेक बरोबर दोन दिवसांच्या डाइव्हिंगच्या पाठीवर बसलाय.

आपल्याकडेही हे सर्रास चालतं. सकाळी तारकर्लीला पाण्यात आणि संध्याकाळी आंबोली घाट चढून घरी. तिथली डुबकी उथळ आणि पंधरा-वीस मिनिटांची असते म्हणून निभावतं. पण उद्या तुम्ही खरं डाइव्हिंग शिकलात, दिवसाला दोन डाइव्ह मारल्यात, तर तीच सवय महागात पडेल. तुमचं नाशिकही समुद्रापासून चांगलं साडेपाचशे मीटरवर आहे, हे लक्षात असू द्या.

मीही हीच चूक करणार होतो, म्हणून जरा पोटतिडकीने लिहितोय. पहिल्यांदा डॉमिनिकाला गेलो तेव्हा दोन दिवस डाइव्ह करून होडीत बसून फुशारकीने सांगितलं, उद्या बॉयलिंग लेक. होडी चालवणाऱ्या म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलंही नाही. बोटाने डोंगर दाखवला, मग पाणी दाखवलं, आणि मान हलवली. त्या दिवशी मी लेकला गेलो नाही, गावातल्या पारावर बसून नारळ प्यायलो. त्याच्या क्रमानेच आजवर चालतोय.

तेव्हा नवी आखणी अशी. पोचलात तो दिवस प्रवासाचा. दुसरा दिवस पाय मोकळे करण्याचा, आईंच्या आवडीचा. तिसऱ्या दिवशी बॉयलिंग लेक. चौथ्या दिवशी मांड्या इतक्या भरलेल्या असतील की जिना उतरताना देव आठवेल, म्हणून त्या दिवशी पाण्यावर नुसतं तरंगत स्नॉर्कलिंग करायचं. पाचवा आणि सहावा दिवस डाइव्हिंगचे. सातवा कोरडा, म्हणजे पाण्यात न उतरण्याचा. आठव्या दिवशी विमान. सातच दिवस मिळत असतील तर ट्रेक कापा. कोरडा दिवस कापू नका, कारण त्या बेटावरचा मोठा विमानतळ ईशान्य टोकाला आहे, डाइव्हिंग नैऋत्येला, आणि मधला रस्ता डोंगरातूनच जातो. विमानात बसायच्या आधीच तुम्ही उंचीवर जाऊन आलेल्या असता.

आता तारकर्ली. वाईट वाटून घेऊ नका, पण तिथे दोनदा जे केलंत त्याला स्कूबाची ओळख म्हणतात, स्कूबा नव्हे. तुमच्या पाठीची टाकी प्रशिक्षकाच्या हातात होती, खोली तो ठरवत होता, हवा किती उरली ते तोच बघत होता. डबलसीट बसून आलेल्याने सायकल येते म्हणण्यासारखं आहे ते. डॉमिनिकातही असा हात धरून नेण्याचा प्रकार मिळतो. पण अर्ध्या जगाला वळसा घालून तेवढ्यासाठी जायचं, याला मी तरी तयार होणार नाही.

त्याआधी 'ओपन वॉटर' प्रमाणपत्र मिळवा. पाडी, एसएसआय, कुठलीही मान्य संस्था चालेल. त्यावरून वाद घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अभ्यास घरी बसून ऑनलाइन होतो, मग जलतरण तलावात किंवा उथळ पाण्यात कसरती, मग समुद्रात चार डाइव्ह. तीन-चार दिवसांचं काम. त्यात २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगून. शाळा सुटल्यावर जलतरण तलावावर महिनाभर गेलात तर हे सहज जमेल. प्रमाणपत्रानंतर १८ मीटरपर्यंत जाता येतं. भाच्याला १५ पूर्ण आहेत, म्हणजे त्यालाही लहान मुलांची बंधनं लागत नाहीत. भावाने आधी डाइव्हिंग केलंय का, हे तुम्ही लिहिलं नाही. विचारा. "हो, लग्नाआधी एकदा" असं उत्तर आलं तर त्याची उजळणी तुमच्याबरोबरच होऊ द्या.

आणि इथेच तुमची दिवाळी कामाला येते. ती डॉमिनिकाला नका देऊ, मालवणला द्या. पावसाळ्यानंतर तिथला हंगाम तेव्हा सुरू झालेला असतो, पाणी निवळू लागतं, आणि तारकर्लीतच एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी किंवा अंदमानातलं स्वराज द्वीप हेही चांगले पर्याय, पण तुम्हाला मालवणचं पाणी ओळखीचं आहे. शिकताना ओळखीचं पाणी बरं.

डॉमिनिकासाठी दिवाळी का नको? कॅरिबियनचा चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया नावाचं वादळ पाचव्या श्रेणीच्या ताकदीने थेट या बेटावरून गेलं. सकाळी हिरवं बेट तपकिरी झालं होतं, झाडांना पानं उरली नव्हती, घरांना छपरं नव्हती. तुम्ही म्हणाल, ते सप्टेंबरमध्ये, दिवाळीपर्यंत जोर ओसरतो. ओसरतो, खरं आहे. पण नोव्हेंबर १९९९ मधलं लेनी हे वादळ नेहमीच्या उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं आणि त्याच्या लाटांनी या बेटांचे पश्चिम किनारे झोडपले. डॉमिनिकात डाइव्हिंग होतं ते पश्चिम किनाऱ्यावरच, कारण पूर्वेचा अटलांटिक कायम खवळलेला असतो. दर नोव्हेंबरात असं होत नाही, पण वर्षातून एकदाच मिळणारी सुट्टी मी त्या महिन्यावर लावणार नाही.

कोरडा हंगाम डिसेंबर ते मे. नाताळात भाव चढलेले असतात. मला वाटतं भाच्याची वसंताची सुट्टी साधा, ती मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये येते. तुमच्या वार्षिक परीक्षांचा घोळ त्याच सुमारास असणार, हे मला कळतं. मुख्याध्यापकांशी कसं बोलायचं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. दिवाळीत शिकून एप्रिलपर्यंत मध्ये आणखी एक मालवणवारी करून पाच-सहा डाइव्ह गाठीला बांधा. त्याचं कारण पुढे येतंय.

यजमानांची शंका हसण्यावारी नेऊ नका. ती शहाणी शंका आहे. कॅरिबियनच्या पूर्वेकडची ही बेटांची माळ जन्मली तीच मुळी अटलांटिकचा तळ कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो आहे म्हणून. डॉमिनिकाच्या दक्षिणेचं शेजारी बेट मार्टिनिक; तिथे ८ मे १९०२ रोजी माँ पेले फुटला आणि सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत संपलं. बंदरात जळून बुडालेल्या जहाजांवर आज लोक डाइव्हिंग करतात. उत्तरेच्या मॉन्टसेराटवर १९९५ पासून सुफ्रिएर हिल्स जागा झाला आणि राजधानी प्लिमथ राखेखाली गेली. सेंट व्हिन्सेंटचा ला सुफ्रिएर तर अगदी परवा, एप्रिल २०२१ मध्ये फुटला.

खुद्द डॉमिनिकात जागे होऊ शकतील असे नऊ ज्वालामुखी मोजतात, इतक्या लहान जागेत. मात्र लिखित इतिहासात तिथे लाव्हाचा उद्रेक झालेला नाही. १८८० च्या जानेवारीत बॉयलिंग लेकच्या वाटेवरच्या व्हॅली ऑफ डेसोलेशन या दरीत वाफेचा मोठा स्फोट झाला, राख राजधानी रोझोपर्यंत आली, एवढंच. त्रिनिदादमधलं वेस्ट इंडीज विद्यापीठाचं भूकंप संशोधन केंद्र या सगळ्या बेटांवर डोळा ठेवून असतं आणि बेटाबेटाची धोक्याची पातळी जाहीर करतं. निघायच्या आठवड्यात ती बघा. यजमानांना हेही सांगा की आपला सह्याद्री ज्वालामुखीचाच आहे. ज्या काळ्या कातळावर नाशिकची लेणी कोरली तो लाव्हाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांत निवलेला.

त्या बेटावर पाहुण्याला खरा त्रास होतो तो साध्या गोष्टींचा. ओल्या मुळांवरून घसरणं, पाऊस आला की ओढा फुगणं, आणि गंधकाच्या जमिनीवर वाट सोडून पाय टाकणं. वरून कोरडी दिसणारी कवची खाली उकळत्या चिखलावर असते. बॉयलिंग लेकला वाटाड्याशिवाय जाऊ नका. तळं साठेक मीटर रुंद, राखाडी निळं, मध्यभागी खळखळ उकळणारं, आणि बऱ्याचदा वाफेमागे लपलेलं. तासनतास चालून गेलात आणि ते दिसलंच नाही, असंही होतं. २००४ च्या अखेरीस तर त्यातलं पाणीच उतरून गेलं होतं, काही महिन्यांनी परत भरलं.

आता पाण्याखालचं, म्हणजे तुम्ही ज्यासाठी पत्र लिहिलंत ते. बुडबुड्यांची जागा म्हणजे शॅम्पेन रीफ, रोझोच्या दक्षिणेला, पॉइंट मिशेलजवळ. किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरता येतं, फक्त वाळू नाही, गोटे आहेत, म्हणून पायात रबरी बूट हवेत. तीन-चार मीटरवरच तळाच्या भेगांतून बुडबुड्यांच्या माळा सुटलेल्या दिसतात. वायू मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. भेगेपाशी हात नेला की पाणी कोमट लागतं, काही ठिकाणी चांगलं गरम. दुपारचं ऊन तिरपं आत आलं की सगळे बुडबुडे चांदीसारखे चमकतात, आणि कानात एक बारीक चरचर चालू असते, तव्यावर पाण्याचा शिपका मारल्यासारखी. मी बऱ्याच ठिकाणी पाण्यात उतरलोय, हा आवाज दुसरीकडे ऐकला नाही. एक व्यवहारी गोष्ट: रोझोच्या बंदरात क्रूझचं मोठं जहाज लागलेलं असेल त्या दिवशी इथे जत्रा असते. जहाजांचं वेळापत्रक आधी मिळतं, ते बघून दिवस ठरवा.

त्याच्याही दक्षिणेला सुफ्रिएरचा उपसागर (नाव त्या ज्वालामुखींचंच, पण हे डॉमिनिकातलं गाव). हा उपसागर बुडालेल्या ज्वालामुखीचं तोंड मानतात, आणि स्कॉट्स हेड हे त्याच्या काठाचं उरलेलं टोक. तिथे एका चिंचोळ्या पट्टीवर उभं राहिलं की डाव्या हाताला फेसाळता अटलांटिक आणि उजव्या हाताला तळ्यासारखा शांत कॅरिबियन. हा सगळा भाग राखीव सागरी क्षेत्र आहे, डाइव्हिंग स्थानिक परवानाधारक केंद्राबरोबरच होतं. ज्वालामुखीच्या कडा पाण्याखालीही तशाच सरळ उतरतात. लाबीम नावाची भिंत किनाऱ्याजवळच सुरू होते आणि खाली निळ्यात नाहीशी होते. होडीचा प्रवास पाच-दहा मिनिटांचा, याचं कारणही तेच: खोल पाणी दाराशीच आहे.

पण मालवणला पाय टेकायला वाळू असते, इथे नाही. तरंगणं हातात नसेल तर एकतर तुम्ही खाली सरकत जाता किंवा घाबरून वर सुटता, आणि दोन्ही वाईट. म्हणून ती मधली मालवणवारी. पहिली डाइव्ह शॅम्पेनलाच करा, भिंत दुसऱ्या दिवशी. स्कॉट्स हेड पिनॅकल आणि डँगलबेन्सचे सुळके हे प्रवाहाचे आणि खोलीचे मामले आहेत. भाचा हट्ट करेल. तिथला डाइव्हमास्टर काय म्हणतो ते चालेल, भाचा काय म्हणतो ते नाही.

एक अपेक्षा आत्ताच खाली आणतो. अंदमानच्या चित्रफिती बघून रंगीत पोवळ्यांची बाग डोक्यात असेल तर ती इथे शोधू नका. कॅरिबियनमधल्या दगडी पोवळ्यांना रोगाने ग्रासलंय, २०२३ च्या उन्हाळ्यातल्या गरम पाण्याने त्यांना आणखी फिकं केलं. डॉमिनिकाची श्रीमंती स्पंजांची आहे: रांजणाएवढे, माणूस आत बसेल असे, केशरी, जांभळे. आणि बारीक जिवांची. समुद्रघोडे, दगडाचं सोंग घेतलेला फ्रॉगफिश. हळू पोहणाऱ्याला हे बेट जास्त देतं, तुमच्या वयाला ते मानवेल आणि भाच्याला नाही. लायनफिश दिसेल, दिसायला राजबिंडा, पण काटे विषारी आणि तिथला तो उपराच. हात लावू नका. खरं तर कशालाच लावू नका.

स्पर्म व्हेल या किनाऱ्यालगत वर्षभर असतात, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र जाहीर केलं. त्यांच्यासोबत पोहायला वेगळा परवाना लागतो आणि तो खर्चिक प्रकार आहे. होडीतून बघा. खोल बुडी मारण्याआधी शेपूट आभाळात उचलते तो क्षण आईंनाही दिसेल, हा कोरड्या दिवसाचा उत्तम उपयोग.

बीपीबद्दल. डाइव्हिंगच्या आधी तब्येतीची प्रश्नावली भरावी लागते, आणि त्यात बीपीच्या गोळीला "हो" आलं, वय ४५ च्या वर असलं, की पुढचे प्रश्न लागतात आणि डॉक्टरांची सही. ती नाशिकमध्येच घ्या, मालवणच्या आधी. गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवून विचारा, कारण काही गोळ्या मेहनतीच्या वेळी हृदयाचा वेग वाढू देत नाहीत. आणि वाढलेल्या बीपीत पाण्याखाली फुफ्फुसात पाणी भरण्याचा एक विकारही असतो. बीपी आटोक्यात असेल तर बहुतेकदा परवानगी मिळते. मी किती लोकांना किनाऱ्यावर उभं राहून सगळ्या प्रश्नांना "नाही" अशी खूण करताना पाहिलंय! पैसे भरलेले असतात ना. तुम्ही शिक्षिका आहात, खोट्या सहीचा कागद ओळखता.

विमा घेताना नुसता प्रवासविमा चालणार नाही. बऱ्याचशा पॉलिसींत स्कूबा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते. बारीक अक्षरं वाचा. नायट्रोजनचा त्रास झालाच तर दाबाच्या कक्षात उपचार करतात, आणि छोट्या बेटांवरून त्यासाठी बऱ्याचदा समुद्रापलीकडे न्यावं लागतं, म्हणून उचलून नेण्याचा खर्च पॉलिसीत हवा. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, याच कामासाठी आहे. डाइव्ह सेंटरला आधीच विचारून ठेवा: सध्या चालू असलेला सर्वांत जवळचा कक्ष कुठे, आणि होडीवर ऑक्सिजन आहे का. या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका.

चष्म्याचं सोपं आहे. नंबरची काच बसवलेला मास्क मिळतो. तो इथूनच घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. बाकी सामान तिथे भाड्याने मिळतं, पण नंबरचा मास्क तुमच्याच नंबरचा मिळेल याची खात्री कोण देणार.

व्हिसाबद्दल भाऊ बरोबर आहे. भारतीय पासपोर्टवर डॉमिनिकात सहा महिन्यांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. पण भारतातून थेट विमान नाही, आणि खरी अडचण वाटेतल्या देशाची असते. तुमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून तुमचा प्रश्न मिटला: भावाकडे जा, दोन दिवस झोप भरून काढा, मग सगळे मिळून मायामीमार्गे, तिथून २०२१ च्या डिसेंबरपासून थेट विमान आहे. आईंचा व्हिसा आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर त्या कामाला आजच लागा, सगळ्यांत जास्त वेळ तोच खाईल. स्वस्त म्हणून कुणी पॅरिस आणि ग्वादलूपमार्गे तिकीट सुचवलं तर थांबा, ग्वादलूप फ्रान्सचं असलं तरी साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही.

आणि तिकिटावर DOM ऐवजी SDQ लिहिलेलं नाही ना, हे दोनदा बघा. पहिलं डॉमिनिका, दुसरं सांतो डोमिंगो, म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक. हा वेगळाच देश, भाषाही वेगळी. माझ्या ओळखीच्या एकाची बॅग तिकडे जाऊन चार दिवस समुद्रकिनारा बघून आली. तिथले लोक स्वतःच्या देशाचं नाव 'नी'वर जोर देऊन डॉमिनीका असं म्हणतात, तसं म्हटलंत तर आवडतं.

खाण्याची काळजी करू नका. सगळ्या कॅरिबियनमध्ये शाकाहाऱ्याला इतकं घरचं वाटेल असं बेट मला तरी दुसरं आठवत नाही. तिथे डॅशीन म्हणतात तो आपला अळू, कंद आणि पानं दोन्ही खातात. पानांचं कॅललू नावाचं दाट सूप करतात, नारळाचं दूध घालून. पहिल्या घोटाला आईंना अळूचं फदफदं आठवेल, फक्त चिंचगूळ नाही. बऱ्याचदा त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस पडतं, म्हणून आधी विचारायचं. रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या खाणावळी शोधा, त्यांच्या जेवणाला 'आयटल' म्हणतात. त्यात मांस नसतं, बरेच जण मीठही घालत नाहीत, तेव्हा लोणच्याची बाटली न्या. ब्रेडफ्रूट म्हणजे आपल्या तळकोकणातला नीरफणस. तिथे तो निखाऱ्यावर भाजतात. मालवणात त्याचे काप खाल्ले असतील तर हा भाजलेला प्रकारही खाऊन बघा, मला तो कापांपेक्षा आवडतो, आणि हे मालवणात कुणाला सांगू नका.

आईंसाठी दुसरा दिवस सांगितला तो असा घालवा: सकाळी ट्रफाल्गर धबधबा, तिथे बघायच्या जागेपर्यंत छोटीशीच चाल आहे. मग वॉटन वेव्हनच्या गंधकाच्या कुंडांत पाय सोडून बसणं. वज्रेश्वरीला गेल्या असतील तर वास ओळखीचा वाटेल. तुम्ही डाइव्हला जाल त्या दिवशी सुफ्रिएर गावातल्या किनाऱ्यावर समुद्रातच दगड रचून केलेला गरम पाण्याचा खळगा आहे, तिथे त्यांना भावजयीसोबत बसवा. होडी तिथूनच जवळ सुटते. खर्चाला अमेरिकन डॉलर चालतात, सुटे मात्र पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये परत मिळतात. एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर १९७६ पासून बांधलेला आहे, तेव्हा कुणी वेगळा हिशेब सांगितला तर पाटी-पेन्सिल काढा.

भावाने तिकिटं अजून काढली नसतील, अशी आशा करतो. आज रात्री त्याला फोन करा आणि दोनच गोष्टी सांगा: एप्रिल, आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर एक पूर्ण दिवस सोडून. तो म्हणेल, एका दिवसाचं हॉटेल वाया. त्याला व्हेलच्या होडीचं सांगा.